छोट्या युनिटमध्ये सुरक्षेची रोजची सवय टिकवायची कशी?

भोसरीचा_प्रेसवाला (धागाकर्ता)

भोसरी एमआयडीसीत माझं प्रेस शॉप आहे. सहा पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापणारी, वाकवणारी मशीन), एक शिअरिंग मशीन, दोन ड्रिल, एक बेंच ग्राइंडर आणि कोपऱ्यात वेल्डिंग. माणसं चौदा. ब्रॅकेट, क्लिपा, वॉशर अशी कामं घेतो, माल बहुतेक चाकणला जातो.

धागा काढायचं कारण असं. आमच्याच गल्लीतल्या एका युनिटमध्ये गेल्या महिन्यात एका मुलाची दोन बोटं गेली. बीडकडचा मुलगा, नुकताच कामाला लागलेला. त्याने पॅडल एकदाच दाबलं. रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा जड भाग) खाली येऊन वर गेला, नग काढायला याने हात घातला आणि रॅम परत खाली आला. प्रेसवर काम केलेल्या माणसाला यापुढे काही सांगायला नको. त्या युनिटच्या दारावर 'सुरक्षा प्रथम'ची पाटी आहे, ४ मार्चला तिथे शपथही होते. पण ती प्रेस अधूनमधून डबल मारते हे तिथल्या दोघातिघांना आधीपासून माहीत होतं. काम थांबवावं असं कुणाला वाटलं नाही, किंवा वाटलं तरी तसं बोलायची सोय नव्हती.

सुरक्षेचे नियम कुणाला माहीत नसतात असं नाही. अडचण नियमितपणाची आहे. पहिले पंधरा दिवस सगळे गॉगल घालतात, तक्ता भरतात. मग एखादी अर्जंट ऑर्डर येते आणि सगळं गळून पडतं. आधी ज्या कंपनीत मी सुपरवायझर होतो, तिथे प्रत्येक मशीनला तपासणीचा तक्ता टांगलेला असायचा आणि सोमवारी सकाळीच आख्ख्या आठवड्याच्या बरोबरच्या खुणा करून झालेल्या असायच्या. पेन हातात घेऊन खूण करायला मशीनकडे बघावं लागत नाही, हेच त्याचं मूळ.

म्हणून स्वतःच्या शॉपमध्ये दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. पहिली चावीची. प्रत्येक प्रेसच्या पॅनलला चावीचा स्विच आहे, आणि सगळ्या चाव्या रात्री ऑफिसातल्या बोर्डावर असतात. सकाळी ऑपरेटरने प्रेस तपासून नोंद दाखवली की चावी मिळते. चावीशिवाय प्रेस चालूच होत नाही, त्यामुळे तपासणी विसरली असं होत नाही. चावी मिळेपर्यंत मोटर सुरू करता येत नाही, म्हणून पहिली तपासणी बंद मशीनची: गार्डचे बोल्ट, डायचे (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याचे) क्लॅम्प, पॅडलवरचं कव्हर, आजूबाजूला सांडलेलं तेल. चावी मिळाल्यावर दुसरी, रिकाम्या स्ट्रोकची. पॅडल दाबून तसंच धरून ठेवायचं. रॅम एकदा खाली येऊन वर थांबला पाहिजे, पाय काढेपर्यंत दुसरा स्ट्रोक येता कामा नये. आला, तर प्रेस तिथेच बंद.

दुसरी गोष्ट नोंदीची. आमच्या तक्त्यावर बरोबरच्या खुणेला जागाच नाही, आकडा लिहायचा असतो. क्रँकच्या टोकाला पांढऱ्या रंगाची रेघ मारली आहे आणि समोर बॉडीवर मिलिमीटरची पट्टी चिकटवली आहे. रिकाम्या स्ट्रोकनंतर रेघ कुठे थांबली तो आकडा लिहायचा. ब्रेकचा पट्टा ढिला पडू लागला की आकडा दिवसागणिक सरकतो. ३, ३, ४, ६ असं दिसलं की पट्टा आवळायची वेळ झाली हे ऑपरेटरलाच कळतं. आकडा घरून ठरवून येता येत नाही, रेघेकडे बघावंच लागतं.

हे आमच्याकडे चाललं आहे. ग्राइंडर, वेल्डिंग आणि माल चढव-उतार या तीन ठिकाणी मात्र अजून अशी पक्की पद्धत बसलेली नाही. तुमच्याकडे काय करता ते सविस्तर लिहा. फॅब्रिकेशन, फौंड्री, लूम, बेकरी, काहीही चालेल.

टूलरूम_निवृत्त

पट्टी चिकटवायची युक्ती फार आवडली. माझं सगळं आयुष्य डायसेटिंगमध्ये गेलं, म्हणून दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर कुठेही जा, छोट्या शॉपमध्ये जुन्या पिन क्लचच्या प्रेस भरपूर दिसतात, म्हणजे फिरतं चाक रॅमला पिनेने जोडणाऱ्या. पिन एकदा गुंतली की रॅम पूर्ण फेरी मारूनच थांबतो. मध्ये काही केलं तरी थांबत नाही. म्हणून अशा प्रेसला समोर प्रकाशकिरणांचा सेन्सर लावणं म्हणजे पैसे पाण्यात. हात दिसला की सेन्सर थांबण्याचा हुकूम देईल, पण तो ऐकणार कोण? सेन्सर चालतो तो हवेवर चालणाऱ्या फ्रिक्शन क्लचच्या प्रेसवर, कारण तिथे रॅम अधेमधे थांबवता येतो. दोन हातांच्या बटणांचंही तसंच. पिन क्लचवर ती बटणं पहिल्या स्ट्रोकला हात बाहेर ठेवतात, पण डबल स्ट्रोक आला तेव्हा हात आत गेलेले असू शकतात. काही विक्रेते हे सांगत नाहीत, आणि मालकाला वाटतं की आपण सुरक्षेवर खर्च केला.

पिन क्लचला खरा उपाय एकच. डायभोवती बोल्टने पक्का बसवलेला बंदिस्त गार्ड, पट्टी आत जाईल एवढीच फट आणि नग मागे किंवा खाली आपोआप पडायची सोय. हात आत जायलाच जागा नको. जिथे एकेक तुकडा हाताने ठेवावा लागतो तिथे सरकता ड्रॉवर करा, तुकडा बाहेर ठेवायचा आणि ढकलायचा. तेही जमत नसेल तर चिमटा किंवा मॅग्नेट. चिमटा ॲल्युमिनियमचा असावा, चुकून पंचखाली आला तर चिमटा चेपेल पण डाय फुटून तुकडे उडणार नाहीत.

आता डाय बदलतानाचं. मोटर बंद केली म्हणजे प्रेस बंद झाली असं नसतं. फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचं जड चाक, बराच वेळ फिरत राहतं आणि त्या फिरण्यात एक स्ट्रोक मारण्याइतकी ताकद आरामात असते. मी पाहिलेले डायसेटिंगमधले बहुतेक अपघात याच काळात झालेले. सेटरला घाई असते, मोटरचा आवाज थांबलेला असतो, आणि पॅडलवर कुणाचा तरी पाय पडतो. मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं कुलूप लावायचं, कुलपाची चावी स्वतःच्या खिशात, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं डोळ्यांनी बघायचं, रॅमखाली लोखंडी ठोकळा लावायचा आणि मगच हात घालायचा. ठोकळ्याला पिवळा रंग द्या, साखळीने प्रेसलाच बांधा. नाहीतर तो आठवड्याभरात दुसऱ्याच कामाला लागतो.

नगावर_पगार

मी ऑपरेटर आहे. मालकलोक लिहितात तेव्हा 'कामगार ऐकत नाहीत, गार्ड काढून टाकतात' असं येतं, म्हणून लिहितोय.

गार्ड का काढतो ते सांगतो. पट्टीचा शेवटचा तुकडा आत अडकतो. तो काढायला गार्डचे चार बोल्ट खोलायचे, पान्हा सुपरवायझरकडे, सुपरवायझर दुसऱ्या शेडमध्ये. नग मोजून पैसे मिळतात, त्यात दर तासाला दोनदा हे झालं तर दिवसाची हजेरी निघत नाही. मग गार्ड एकदाच काढून भिंतीला टेकवून ठेवतो. आम्हालाही बोटं प्यारी आहेत साहेब. आणि गार्डमधून डाय दिसत नसेल तर नग नीट बसला की नाही ते कळत नाही, रिजेक्शन आलं की तेही आमच्या नावावर.

जाळीचा गार्ड करा, आतलं दिसलं पाहिजे. अडकलेला तुकडा काढायला बाजूने आकडा जाईल अशी फट ठेवा, आणि तो आकडा मशीनलाच लटकवा. आणि मशीन तपासणीसाठी किंवा दुरुस्तीसाठी थांबलं तर त्या वेळेचे पैसे कापू नका. हे तिसरं केलं नाही तर पहिल्या दोन्हींचा उपयोग नाही.

भोसरीचा_प्रेसवाला

@नगावर_पगार, दादा, या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद तुमचा आहे. आमच्याकडे नगावर पगार नाही, दिवसाचा पगार आहे आणि महिन्याच्या शेवटी सगळ्या शॉपच्या चांगल्या मालावर मिळून बोनस. मशीन थांबवलं म्हणून कुणा एकाचं नुकसान होत नाही. बाजूने आकडा घालायची फट मात्र दोनच प्रेसला आहे, बाकीच्या चारला करून घेतो.

@टूलरूम_निवृत्त काका, ठोकळा साखळीने बांधायचं आजच सांगितलं.

चार_पैसे_मार्जिन

हे सगळं वाचायला छान आहे, पण मी वस्तुस्थिती सांगतो. मोठ्या कंपनीचा खरेदीवाला दरवर्षी दर कमी करून मागतो. ब्रॅकेटमागे चार-सहा पैसे सुटतात. बंदिस्त गार्ड, ड्रॉवर, डाय बदलताना थांबणं, या सगळ्यात उत्पादन घटतं. शेजारचा विनागार्ड काम करून माझ्यापेक्षा कमी दर देतो आणि ऑर्डर घेऊन जातो. ऑडिटच्या दिवशी तोही गार्ड लावतो. मग मी काय करायचं?

टूलरूम_निवृत्त

तुमचा राग योग्य जागी आहे, पण हिशोब पुरता मांडा. ड्रॉवर लावला की सुरुवातीला वेग कमी होतो हे खरं. हात बसला की फरक उरत नाही, कारण ऑपरेटर भीती न बाळगता काम करतो. ज्या जॉबला पट्टी सलग आत जाते तिथे गार्डने वेग अजिबात कमी होत नाही. आणि डबल मारणाऱ्या प्रेसमध्ये डाय फुटते तेव्हा तिचा खर्च कोण देतं? बोटांचं बाजूला ठेवलं, तरी ब्रेकचा पट्टा वेळेवर आवळणं तुमच्याच फायद्याचं आहे.

दर पाडणाऱ्या कंपन्यांबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. ऑडिट ठरवून, तारीख कळवून करण्यात अर्थ नाही. त्यांनी दर ठरवतानाच गार्ड आणि ड्रॉवरचा खर्च टूलिंगमध्ये धरायला हवा.

हजेरीपट

मी पीएफ-ईएसआयची (भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा) कामं करतो. कायद्याचा भाग थोडक्यात.

महाराष्ट्रात विजेवर चालणाऱ्या युनिटला कारखाना म्हणून मोजायची मर्यादा २० कामगारांची आहे, नव्या कामगार संहितेतही २०च. त्यामुळे धागाकर्त्यांसारख्या चौदा माणसांच्या युनिटकडे फॅक्टरी इन्स्पेक्टर सहसा फिरकत नाही. पण ईएसआय १० माणसांपासून लागू होतं. पगाराची मर्यादा २१,००० रुपये, मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के.

लोकांना माहीत नसलेली गोष्ट: आजारपणाच्या पैशांसाठी ठरावीक काळ वर्गणी भरलेली असावी लागते, पण कामावरच्या अपघाताला ती अट नाही. पहिल्या दिवशी अपघात झाला तरी लाभ मिळतो. उपचार मोफत, आणि कामावर येता येत नाही तोवर पगाराच्या ९० टक्क्यांच्या आसपास रक्कम. कायमचं अपंगत्व आलं तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं. म्हणून नवीन माणूस रुजू झाला की नोंदणी लगेच करा, 'महिनाभर टिकतो का बघू' म्हणून थांबू नका. अपघात झाला तर फॉर्म १२ ऑनलाइन लगेच भरा आणि अपघात रजिस्टरमध्ये नोंद करा. ठेकेदाराची माणसं असतील तर त्यांचे ईएसआय क्रमांक स्वतः बघून घ्या, त्याच्या शब्दावर राहू नका.

कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची क्षमता २० टक्के घटली असं धरलं आहे. अंगठ्याला ३० टक्के. प्रेसवर काम करणाऱ्याला दोन बोटांशिवाय प्रेसवरचं काम कोण देतं, हे त्या तक्त्यात नाही. बीडच्या त्या मुलाची नोंदणी झाली होती का, तेवढं कळलं तर सांगा. झाली नसेल तरी कायद्याने नुकसानभरपाई मागायचा रस्ता आहे, मी अर्ज करून देईन, पैसे घेणार नाही.

भोसरीचा_प्रेसवाला

@हजेरीपट, मनापासून आभार. नोंदणी झाली नव्हती असं कळतंय. मुलाच्या मामांशी बोलतो आणि तुम्हाला व्यनि (खासगी संदेश) करतो.

शिरोलीचा_मोल्डर

कोल्हापूरकडून. फौंड्रीत बोटांपेक्षा भाजण्याचं जास्त. आमच्याकडे एक नियम कधीही मोडला जात नाही: ओला भंगार भट्टीत नाही. वितळलेल्या धातूखाली पाणी अडकलं की त्याची क्षणात वाफ होते आणि धातू वर उसळतो. पावसाळ्यात उघड्यावरचं भंगार कोरडं दिसतं पण पोकळ पाइपात पाणी असतं. दोन्ही टोकं बंद असलेला तुकडा, जुना शॉकॲब्झॉर्बर, हवाबंद डबा, हे कापल्याशिवाय आत जात नाही. जून ते सप्टेंबर भंगार आदल्या दिवशी शेडमध्ये घेतो, भट्टीच्या उष्णतेवर वाळू देतो.

अजून एक, पॉलिस्टरचा शर्ट घालून कुणी भट्टीजवळ आला तर परत पाठवतो. ठिणगी पडली की तो कापड वितळून कातडीला चिकटतो. सुती शर्ट आम्हीच देतो, दोन जोड. द्यायचं नाही आणि घाला म्हणायचं, हे चालत नाही.

कांडप_सातारा

आमचा मसाल्याचा छोटा कारखाना आहे, सगळ्या बायका. सात जणी. पल्व्हरायझर (भुकटी करायचं मशीन) दोन, डंकी (कांडायचं मशीन) एक, पॅकिंग.

आमच्याकडे धोका पदराचा, ओढणीचा आणि मोकळ्या केसांचा. पट्ट्यावर कव्हर असलं तरी साफसफाईला ते निघतं. आम्ही पुढून बंद होणारे पूर्ण बाह्यांचे ॲप्रन शिवून घेतले, पदर आत खोचून वरून ॲप्रन. बांगड्या काढायला सांगणं अवघड जातं, विशेषतः नव्या लग्न झालेल्यांना. त्यांना मशीनवर न ठेवता पॅकिंगला ठेवते, वाद घालत नाही.

मिरची अडकली की हात घालून मोकळी करायची सवय फार वाईट. त्यासाठी लाकडी दांडा ठेवलाय, आणि अडकलं की आधी स्विच बंद. हळदीत, धन्यात खिळे-तारा निघतात, आत गेल्या की ठिणगी उडते आणि भुकटीला आग लागू शकते. म्हणून हॉपरच्या तोंडाशी मॅग्नेटची जाळी बसवली आहे. ती रोज संध्याकाळी पुसताना जे लोखंड निघतं ते एका बरणीत टाकतो. नवीन बाई आली की तिला आधी ती बरणी दाखवते.

डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्याला केकवरच्या फुलबाजी-मेणबत्त्या बनवणाऱ्या युनिटला आग लागली, त्यात गेलेल्या बहुतेक बायकाच होत्या. त्यानंतर आमच्या मागच्या दाराची गोष्ट मी फार मनावर घेतली. तिथे पोती रचायची नाहीत, कितीही माल येवो. बाहेर पडायचा दुसरा रस्ता मोकळा हवा आणि दार आतून, किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. रोज शेवटची जाणारी बाई त्या दाराने जाते, म्हणजे ते उघडतंय की नाही हे रोज कळतं.

नटबोल्ट

@कांडप_सातारा ताई, शेवटच्या माणसाने मागच्या दाराने जायचं, हे उचलतोय.

धागाकर्त्यांनी ग्राइंडरचं विचारलं होतं. बेंच ग्राइंडरला चाक आणि टेकू यांच्यात ३ मिमीपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर जॉब आत ओढला जातो आणि चाक फुटतं. चाक झिजतं तसं अंतर वाढतं. ३ मिमीच्या पत्र्याचा तुकडा साखळीने ग्राइंडरला बांधा. तो फटीत गेला की टेकू पुढे घ्यायचा. नवीन चाक बसवण्याआधी दोरीवर धरून लाकडाने हलकेच वाजवा, खणखणीत आवाज आला तर बरं, बद्द आला तर तडा आहे, वापरू नका. हातग्राइंडरचं चाक घेताना त्यावरचा आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नाही ना, ते बघा. चार इंची ग्राइंडर अकरा हजारांच्या आसपास फिरतो. आणि ड्रिलवर हातमोजे अजिबात नकोत, मोजा ड्रिलमध्ये गुंडाळला की बोटासकट ओढतो.

वेल्डिंगला: ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीसचा हात लावायचा नाही, ॲसिटिलीनचा सिलिंडर आडवा ठेवून वापरायचा नाही, दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्वाळा उलटी नळीत शिरू न देणारा). वेल्डिंग संपल्यावर अर्धा तास तिथे कुणीतरी थांबावं, चिंधीत गेलेली ठिणगी उशिरा पेट घेते.

चार_पैसे_मार्जिन

माझ्याकडे आठ प्रेस आहेत, सगळ्या पिन क्लच. वरचं वाचून आज दुपारी पॅडल दाबून धरायची चाचणी घेतली. दोन प्रेस डबल मारतात. दोन्ही बंद केल्या. स्पेअर कुठे मिळतील आणि सोमवारची डिलिव्हरी कशी द्यायची, तेवढं कुणी सुचवा.

टूलरूम_निवृत्त

बंद केल्यात हे उत्तम केलंत. आधी क्लचची पिन, तिची स्प्रिंग आणि पिन बाहेर काढणारा लॅच, तिन्ही काढून कडा बघा. कडा गोल झाल्या असतील तर घासून किंवा वेल्डिंगने भरून काम भागवू नका, नवीनच घाला. पिन चांगल्या स्टीलची, हीट ट्रीटमेंट केलेली हवी. मग ब्रेकचं लायनिंग. त्यावर तेल गेलं असेल तर बदला. सिंगल स्ट्रोकची यंत्रणाच नसेल तर तीही बसवून घ्या. प्रेसचं मेक आणि टनेज व्यनि करा, मी शुक्रवारी भोसरीतच आहे, येऊन बघतो.

भोसरीचा_प्रेसवाला

@चार_पैसे_मार्जिन, सोमवारच्या डिलिव्हरीसाठी डाय माझ्याकडे पाठवा. २० आणि ३० टनी दोन प्रेस रविवारी रिकाम्या आहेत, तुमचे ऑपरेटर आले तरी चालतील. डायची शट हाइट (बंद असतानाची उंची) आणि बोल्स्टरचं (डाय बसते त्या पाटाचं) माप आधी कळवा. गार्ड मात्र माझेच लागतील, तुमच्या जॉबला फट बसवायला शनिवारी दुपारी एक माणूस पाठवा.